शिल्लक कोणाची? जैवइंधनाचे राष्ट्रीय संशोधन आणि आपला कडबा

(मिरजगाव, ता. कर्जत, जि. अहिल्यानगर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर जरा भारदस्त छापला गेला आहे: ‘जैवइंधन, शेतीतील बायोमास आणि राष्ट्रीय संशोधन जाळ्याचे नेतृत्व’. घाबरू नका. विषय तुमच्या गोठ्याच्या मागेच रचून ठेवलेला आहे. कडबा, सरमाड, भुसकट, पाचट, तुराट्या, पऱ्हाट्या, शेण. आपल्याकडे प्रत्येकाला वेगळे नाव आहे, कारण प्रत्येकाचे काम वेगळे आहे. दिल्लीच्या कागदावर या सगळ्याला मिळून एकच शब्द आहे, बायोमास. आणि त्या शब्दाच्या पाठोपाठ दुसरा शब्द येतो, शिल्लक. नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचा अंदाज असा की देशात वर्षाला सुमारे 75 कोटी टन बायोमास तयार होतो आणि वापर वजा जाता त्यातला सुमारे 23 कोटी टन शिल्लक राहतो. त्या 23 कोटी टनांवर इथेनॉलचे कारखाने, गॅसचे प्रकल्प आणि औष्णिक वीजकेंद्रात जाळायच्या कांड्या उभ्या करायच्या आहेत.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, रसायनशास्त्र नव्हे. त्यामुळे आमचे लक्ष यंत्रापेक्षा शब्दाकडे आधी जाते. शिल्लक म्हणजे काय? एखादी वस्तू लाल असते, जड असते, तशी ती ‘शिल्लक’ असू शकते का? बघा, तीच कडब्याची पेंढी मार्चमध्ये एखाद्याकडे शिल्लक असते आणि पाऊस लांबला की जूनमध्ये तीच पेंढी सोन्याच्या भावाची होते. पेंढी बदलली नाही, तिच्याभोवतीची गरज बदलली. म्हणजे शिल्लक हा वस्तूचा गुणधर्म म्हणता येत नाही. ते वस्तू, गरज, ऋतू आणि मालक यांच्यातले नाते आहे. आमचे आजचे म्हणणे एवढेच की आपल्या देशात जैवइंधनावर जे संशोधन झाले, त्यातले पुष्कळसे यशापयश या एका शब्दाचा अर्थ कोणी ठरवला, कुठे बसून ठरवला, यावर अवलंबून राहिले. आता तो इतिहास पाहू.

प्रथम ‘जाळे’ म्हणजे काय ते समजून घेऊ. आपल्याकडे शेती संशोधनात एक पद्धत रूढ आहे, अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प. पहिला असा प्रकल्प 1957 साली मक्यावर सुरू झाला. कल्पना साधी होती. एक समन्वयक, देशभरात अनेक केंद्रे, सगळीकडे एकाच पद्धतीने लावलेल्या चाचण्या आणि वर्षातून एकदा सगळ्यांनी एकत्र बसून आकडे मांडायचे. त्यामुळे एका ठिकाणचा चांगला वाण केवळ तिथल्या चांगल्या जमिनीमुळे चांगला दिसला की खरोखर चांगला आहे, ते कळायचे. ही मोठी गोष्ट होती, तिला कमी लेखू नका. पण या पद्धतीत समन्वयकाच्या हातात एक विलक्षण सत्ता येते. काय मोजायचे ते तो ठरवतो. आणि जे मोजले जात नाही ते वार्षिक अहवालात दिसत नाही, आणि अहवालात दिसत नाही त्याला पुढच्या वर्षी पैसा मिळत नाही.

ज्वारीचेच उदाहरण घ्या. 1964 साली सीएसएच-1 हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला. 1969 पासून ज्वारीचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला. खरिपात संकरित ज्वारीने धान्याचे उत्पादन चांगलेच वाढवले, ते नाकारता येणार नाही. पण नगर, सोलापूर, बीड या रब्बीच्या पट्ट्यात शेतकरी मालदांडीलाच धरून राहिला. मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडलेला 35-1 हा वाण आजही या भागात पेरला जातो. का? एक कारण खोडमाशीचे, एक कारण भाकरीच्या चवीचे, आणि एक मोठे कारण कडब्याचे. संकरित ज्वारी बुटकी. कणीस भरदार, पण ताट आखूड. शास्त्रज्ञ हेक्टरी क्विंटल मोजत होते आणि शेतकरी क्विंटलही मोजत होता आणि शेकडा पेंढ्याही. हळूहळू चाचण्यांच्या तक्त्यात कडब्याचा रकाना आला आणि त्याला वजनही आले. एवढे साधे वाटते, पण हा बदल शेतकऱ्याने न बोलता, फक्त बी न बदलून घडवून आणला. जैवइंधनाच्या आधीच आपल्या ज्वारीने देशाला हा धडा दिलेला होता. पुढच्या काळात तो पुन:पुन्हा गिरवावा लागला, ते आता सांगतो.

इंधनाचा इतिहास आपल्या जिल्ह्याच्या फार जवळून जातो. 1932 साली साखर उद्योगाला आयातीपासून संरक्षण मिळाले. कारखाने वाढले, आणि साखरेबरोबर मळीही वाढली. या मळीचे करायचे काय, असा प्रश्न उभा राहिला. उत्तर निघाले ते पॉवर अल्कोहोल, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचे मद्यार्क. 1948 साली त्यासाठी केंद्राने कायदाच केला. दोनच वर्षांनी, 1950 च्या सुमारास, आपल्या जिल्ह्यात प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे कारखान्यांजवळ मद्यार्काचे प्रकल्पही आले. पण मद्यार्क मोटारीच्या टाकीत फारसे गेले नाही. पेट्रोल स्वस्त होते, आणि रासायनिक उद्योग व दारू या दोन्ही गिऱ्हाइकांकडून मद्यार्काला जास्त भाव येत होता. मळी कोणाचीच नव्हती तेव्हा ती शिल्लक होती. तिला गिऱ्हाईक मिळाल्याबरोबर ती शिल्लक राहिली नाही.

गंमत पुढे आहे. 1948 चा तो कायदा 2000 साली निरुपयोगी म्हणून रद्द झाला, आणि 2001 साली पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले. त्यांतले दोन महाराष्ट्रात होते, मिरज आणि मनमाड, आणि तिसरा उत्तर प्रदेशात आंवला येथे. 2003 च्या जानेवारीपासून नऊ राज्ये आणि चार केंद्रशासित प्रदेशांत 5 टक्के मिश्रणाचा आदेश निघाला. बरीच वर्षे तो रखडला. 2013-14 मध्ये प्रत्यक्ष मिश्रण जेमतेम दीड टक्का होते. नंतर दर ठरवून दिले, उसाच्या रसापासून, मक्यापासून, तांदळापासून इथेनॉल करायला परवानगी मिळाली, आणि 2022 च्या जूनमध्ये 10 टक्के व 2025 मध्ये 20 टक्क्यांचा टप्पा गाठला गेला. वेग थक्क करणारा आहे. त्याचे दुसरे टोक मात्र आपण नगरकरांनी पाहिलेले आहे. 2023 साली पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल अशी भीती निर्माण झाली, आणि 7 डिसेंबरला केंद्राने उसाच्या रसापासून थेट इथेनॉल करायला बंदी घातली. आठवडाभरात ती थोडी सैल केली, पण ज्यांनी कर्ज काढून नवी यंत्रसामग्री बसवली होती त्यांची काय अवस्था झाली असेल! उन्हाळ्यात ‘शिल्लक’ ठरलेला ऊस हिवाळ्यात ‘तुटवडा’ ठरला. एका पावसाळ्याचे अंतर.

आता दुसरी वाट, शेणाची. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णांच्या आश्रमात 1897 साली मैल्यापासून गॅस काढून वापरला गेला होता. पुढे 1939 मध्ये दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी शेणाच्या गॅसवर प्रयोग केले. स्वातंत्र्यानंतर जशभाई पटेल यांचा तरंगत्या टाकीचा नमुना खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने गावोगाव नेला, आणि 1981-82 पासून राष्ट्रीय बायोगॅस प्रकल्प सुरू झाला. गोबर गॅस ही जैवइंधनाची आपल्याकडची सर्वांत जुनी आणि अनेक अर्थांनी सर्वांत शहाणी वाट आहे, कारण गॅस निघून गेल्यावरही शेणातले नत्र-स्फुरद मळीच्या रूपाने शेतातच परत जाते. तरीही एक प्रश्न हिशेबातून सुटला. ज्याच्या दावणीला चार-पाच जनावरे, त्याच्याच घरी गॅस. ज्या बाईकडे जनावर नाही आणि जी रस्त्यावरचे, माळावरचे शेण वेचून गोवऱ्या थापते, तिच्यासाठी ते शेण फुकटचे इंधन होते. शेणाला किंमत आली की फुकट वेचायचे शेण संपते. तिचे नाव कोणत्याच तक्त्यात नव्हते.

मित्रहो, आता मुख्य कथेकडे येतो, आणि ती फलटणची आहे. मिरजगावहून फार दूर नाही, तसाच कमी पावसाचा भाग. तिथे बनबिहारी निंबकर, ज्यांना सगळे बॉन निंबकर म्हणत, यांनी 1968 साली निंबकर कृषी संशोधन संस्था काढली. सरकारी पैशाने नव्हे, स्वतःच्या हिंमतीवर. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी गोड ज्वारीवर काम सुरू केले. गोड ज्वारी म्हणजे जिच्या ताटात उसासारखा गोड रस असतो ती. अमेरिकेत तिचा काकवीसाठी उपयोग होत असे, पण तिला धान्य नीट येत नसे. फलटणला प्रयत्न असा झाला की कणसाला माणसाचे धान्य, ताटाला इंधनाचा रस आणि उरलेल्या चिपाडाला जनावराची वैरण, असे तिन्ही एकाच झाडातून मिळावे. 1981 मध्ये अनिल राजवंशी अमेरिकेतून तिथे आले, त्यांनी त्या रसापासून इथेनॉल करण्यासाठी सौर उष्णतेवर चालणारी छोटी ऊर्ध्वपातन यंत्रणा उभी केली आणि इथेनॉलवर चालणारे कंदील व स्टोव्ह तयार केले. ‘मधुरा’ हा त्यांचा गोड ज्वारीचा वाण. पुढे राहुरीच्या आपल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानेही ‘फुले अमृता’ हा गोड ज्वारीचा वाण दिला.

फलटणच्या कामात आम्हाला सगळ्यांत मोलाचे वाटते ते यंत्र नव्हे, मोजमापाचे एकक. राजवंशी यांनी 1990 च्या दशकात ‘ऊर्जा-स्वावलंबी तालुका’ ही कल्पना मांडली. देशाचा हिशेब न करता फलटण तालुक्याचा करा. किती पाचट, किती कडबा, किती विजेची गरज, किती डिझेल, आणि त्यातले तालुक्यातच काय भागू शकते? तालुका का? कारण तालुका हा असा आकार आहे की तिथला माणूस आकडा ऐकून म्हणू शकतो, “हे चुकलंय, त्या गावात एवढा ऊस नाही.” देशाच्या आकड्याला असे उत्तर कोण देणार? त्यानंतर तालुका पातळीवर बायोमास मोजण्याचे काम केंद्राच्या पातळीवरही झाले, आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने उपग्रहाची चित्रे वापरून देशाचा बायोमास नकाशाही तयार केला. अशा नकाशाची रीत अशी: पिकाखालचे क्षेत्र, गुणिले उत्पादन, गुणिले त्या पिकाचा ठरावीक गुणक, वजा स्थानिक वापर. पहिले तीन आकडे उपग्रह आणि प्रयोगशाळा देऊ शकतात. चौथा, स्थानिक वापर, तो मात्र कोणीतरी ओट्यावर बसून विचारावा लागतो. आणि चूक होते ती नेमकी तिथे.

आता मोठ्या जाळ्यांची दोन उदाहरणे देतो. दोन्हींत माणसे हुशार होती, हेतू चांगला होता.

पहिले उदाहरण मोगली एरंडाचे, ज्याला वर्तमानपत्रांनी जट्रोफा म्हणून प्रसिद्ध केले. 2003 साली नियोजन आयोगाच्या समितीने जैवडिझेलसाठी एक कोटी हेक्टरांहून जास्त जमिनीवर मोगली एरंड लावण्याची योजना मांडली. 2004 मध्ये राष्ट्रीय तेलबिया आणि वनस्पती तेल विकास मंडळाने मोगली एरंड आणि करंज यांवर राष्ट्रीय जाळे उभारले. त्यात कृषी विद्यापीठे, आयआयटी, वैज्ञानिक संस्था अशा चाळीसहून अधिक संस्था होत्या. 2009 च्या जैवइंधन धोरणात 2017 पर्यंत 20 टक्के मिश्रणाचे लक्ष्य लिहिले गेले. प्रत्यक्षात काय झाले ते तुम्ही जाणता. माळावर लावलेली रोपे जगली, पण बी नावालाच आले. कारण मोगली एरंड हे रानटी झाड होते. ज्वारीवर हजारो वर्षे माणसाने निवड केलेली आहे, या झाडावर केलेली नव्हती. पाणी आणि खत दिले तर बी येते, पण पाणी आणि खत असलेल्या जमिनीत शेतकरी मोगली एरंड कशाला लावेल? 2018 च्या नव्या धोरणात जैवडिझेलचे लक्ष्य 2030 पर्यंत 5 टक्क्यांवर आले.

पण आमच्या मते मूळ दोष वनस्पतिशास्त्राचा नव्हता. त्या योजनेचा पाया ‘पडीक जमीन’ या शब्दावर होता. शिल्लक कडबा तशी ही शिल्लक जमीन. आपल्या कर्जत तालुक्यातले माळ आठवा. महसुली दफ्तरात पडीक. प्रत्यक्षात तिथे मेंढपाळाची मेंढरे चरतात, शेळ्या चरतात, बायका सरपण गोळा करतात, माळढोकासारखा पक्षी तिथेच अंडी घालत असे. मोगली एरंडाला जनावर तोंड लावत नाही म्हणून तर आपण ते कुंपणाला लावत आलो. आणि नेमके तेच झाड चराऊ माळावर लावायचे! एखाद्या धनगराला एकदा विचारले असते, तर त्याने अर्ध्या मिनिटात सांगितले असते.

दुसरे उदाहरण पुन्हा गोड ज्वारीचे. 2008 ते 2012 च्या दरम्यान हैदराबादजवळच्या इक्रिसॅटच्या नेतृत्वाखाली कोरडवाहू भागात गोड ज्वारीपासून इथेनॉलची पूर्ण साखळी उभी करण्याचा मोठा संयुक्त प्रकल्प झाला, बियाण्यापासून कारखान्यापर्यंत. आपल्याकडे नांदेडला टाटा केमिकल्सने गोड ज्वारीवर इथेनॉल प्रकल्प उभारला. दोन्ही टिकले नाहीत. गोड ज्वारी मुख्यतः खरिपाची, तिचा हंगाम थोड्या आठवड्यांचा, आणि ताट तोडल्यावर रसातली साखर भराभर उतरते, म्हणून लगेच गाळप हवे. मोठ्या कारखान्याला वर्षभर माल हवा असतो. इक्रिसॅटच्या लोकांनी गावातच रस काढून त्याचे पाक करण्याची छोटी केंद्रेही करून पाहिली, पण तेव्हाच्या इथेनॉलच्या दरात ते परवडले नाही. तरीही या प्रकल्पाबद्दल आम्हाला आदर आहे. कारण त्यांनी रस काढल्यावरच्या चिपाडाचा चारा म्हणून उपयोग मोजला, गावात जाऊन मोजला, आणि परवडत नाही तेव्हा परवडत नाही असे लिहिले. संशोधन जाळ्याच्या नेत्याचे हे मोठे काम असते. ‘नाही’ हा निष्कर्षही निष्कर्ष असतो.

आता अलीकडचा टप्पा. 2008 साली मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, जुन्या लोकांच्या भाषेत यूडीसीटीत, केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने ऊर्जा जैवविज्ञान केंद्र सुरू झाले. नेतृत्व प्रा. अरविंद लाली यांचे. अशीच केंद्रे फरिदाबाद, दिल्ली येथे आणि आयआयटींच्या समूहात झाली आणि त्यांचे मिळून एक राष्ट्रीय जाळे तयार झाले. प्रश्न रसायनाचा आणि अवघड होता. रसातली साखर यीस्टला सहज खाता येते. काडीतली साखर मात्र सेल्युलोजच्या रूपात, लिग्निनच्या चिवट आवरणात कोंडलेली असते. ती आधी उकलायची, मग एन्झाइमने तोडायची, मग आंबवायची. लाली यांच्या गटाने ही सारी प्रक्रिया सुमारे एका दिवसात बसवली, आणि 2016 च्या एप्रिलमध्ये उत्तराखंडातल्या काशीपूरला दिवसाला 10 टन काडीकचरा घेणारा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू झाला. पुण्याच्या प्राज कंपनीने दौंडजवळ आपला प्रात्यक्षिक प्रकल्प केला, आणि त्यांच्याच तंत्रज्ञानावर इंडियन ऑइलचा पानिपतचा प्रकल्प 10 ऑगस्ट 2022 रोजी राष्ट्राला अर्पण झाला. त्याची आखणी वर्षाला 2 लाख टन भाताचा पेंढा आणि त्यातून 3 कोटी लिटर इथेनॉल अशी आहे.

मराठी माणसाने अभिमान बाळगावा असे हे काम आहे. आणि पानिपतला तो प्रकल्प योग्यच आहे, कारण पंजाब-हरियाणात भात काढल्यावर गव्हाच्या पेरणीला थोडेच दिवस हातात असतात, म्हणून शेतकरी पेंढा शेतातच जाळतो आणि दिल्लीचा श्वास कोंडतो. तिथे पेंढा खरोखर शिल्लक आहे. पण तेच गणित मिरजगावला लावून पाहा. 2 लाख टनांतून 3 कोटी लिटर, म्हणजे टनाला 150 लिटर. आता आपल्या कडब्याचा टन घ्या. एका मोठ्या जनावराला दिवसाला सात किलो सुकी वैरण धरली तर टनभर कडबा एकशे चाळीसच्या वर दिवस पुरतो, म्हणजे साडेचार महिने. एका बाजूला 150 लिटर इथेनॉल, दुसऱ्या बाजूला एका गाईचा अख्खा हिवाळा आणि निम्मा उन्हाळा. 2012-13 आणि 2018-19 च्या दुष्काळांत या जिल्ह्यात चारा छावण्या लागल्या होत्या आणि ऊस तोडून जनावरांना घालावा लागला होता. ज्या तालुक्यात ऊस चारा होतो, तिथे कडबा कच्चा माल कसा होईल?

म्हणून आनंद कर्वे यांचे काम आठवते. पुण्याच्या त्यांच्या आरती या संस्थेने प्रश्न उलटा विचारला: खरोखर जाळून टाकले जाते ते काय? तर उसाचे पाचट. हेक्टरी आठ-दहा टन. ते जनावर आवडीने खात नाही, आणि खोडवा राखायच्या घाईत शेतकरी ते पेटवतो. पाचटाचे दुखणे असे की ट्रक भरतो पण वजन भरत नाही, त्यामुळे ते वाहून नेणे परवडत नाही. कर्व्यांनी भट्टीच शेतात नेली, पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या पाडल्या. 2002 मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय ॲश्डेन पुरस्कार मिळाला. 2006 मध्ये पुन्हा मिळाला तो उरलेसुरले अन्न आणि पिष्टमय पदार्थ वापरणाऱ्या छोट्या बायोगॅस संयंत्राला. फलटणलाही पाचटासारख्या हलक्या मालावर चालणारे गॅसिफायर करून पाहिले गेले. ही माणसे मोठ्या जाळ्यांच्या मानाने लहान होती, पण ती जिथे राहत होती तिथूनच प्रश्न उचलत होती.

मग राष्ट्रीय जाळी नकोत का? हवीत. काडीतली साखर मोकळी करणारे एन्झाइम मिरजगावच्या ओट्यावर तयार होणार नाही. त्याला प्रयोगशाळा, पैसा आणि वीस वर्षांचा धीर लागतो. पण जाळ्याच्या गाठी कुठे मारल्या आहेत ते पाहिले पाहिजे. गाठी फक्त विद्यापीठांत असल्या तर ते जाळे आकड्यांचेच मासे पकडते. प्रत्येक हवामानाच्या पट्ट्यात एक तालुका गाठ म्हणून घ्यावा आणि तिथे पाच-सात वर्षे, दुष्काळाचे वर्ष धरून, वैरण-सरपण-खत-इंधन यांचा एकत्र हिशेब ठेवावा. सरासरी वर्षाची शिल्लक छापू नये, वाईट वर्षाची छापावी. आमच्या मते नेतृत्वाची कसोटी हीच आहे. नेत्याने किती संस्था जोडल्या यापेक्षा, ज्याचा कडबा आहे त्याला मोजणीच्या तक्त्यात रकाना दिला का, हे विचारावे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.

प्रश्न: आमच्याकडे सीना धरणाचे, कुकडीचे पाणी येते तिथे ऊस वाढलाय. गॅसच्या प्रकल्पासाठी पाचट, नेपियर गवत घेणार असं म्हणतात. द्यावं का?

उत्तर: नकार द्या असे आम्ही म्हणणार नाही. चार गोष्टी मात्र विचारा. पहिली, सगळे पाचट न्यायचे की काही शेतात कुजायला ठेवायचे? आपल्या जमिनीला सेंद्रिय कर्बाची गरज आहे, पहिला हक्क तिचा. दुसरी, गॅस काढल्यावरची स्लरी कोणाची? ती परत तुमच्या शेतात येणार असेल तर व्यवहार बरा, कारण गॅसबरोबर मुख्यतः कर्ब जातो, खताची मूलद्रव्ये स्लरीत राहतात. ती तुम्हालाच विकत घ्यावी लागणार असेल तर तुम्ही पाचटाबरोबर खतही विकले असे समजा. तिसरी, करारात दुष्काळाचे कलम आहे का? टंचाई जाहीर झाली तर माल न देण्याची मुभा लेखी हवी. आणि चौथी, नेपियरला पाणी कुठले? गवत हिरवे असते म्हणून ते फुकट उगवत नाही. 2018 साली देशभर पाच हजार गॅस प्रकल्पांची घोषणा झाली होती, त्यांतले फार थोडे उभे राहिले. जे अडले त्यांतल्या बऱ्याच जणांची अडचण कच्च्या मालाचीच होती. म्हणजे त्यांना तुमची गरज आहे. घासाघीस करायला जागा आहे, ती वापरा.

प्रश्न: सर, ज्वारीच कमी होत चाललीय. लोक मुरघासाला मका करतात, कांदा करतात. मग कडब्याचा एवढा विचार करून उपयोग काय?

उत्तर: प्रश्न रास्त आहे. ज्वारी कमी होते कारण काढणीला माणूस मिळत नाही. ताटे हाताने उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसे मोडायची, हे कष्टाचे काम आहे आणि त्याची मजुरी परवडत नाही. आता बघा, जैवइंधनासाठी पेंढा गोळा करायची, गाठी बांधायची यंत्रे भातासाठी तयार झाली. उंच मालदांडी उभी कापून, कणीस आणि ताट वेगळे करून, कडबा न चुरडता पेंढी बांधणारे स्वस्त यंत्र कोणत्या राष्ट्रीय जाळ्याने हाती घेतले? त्याला इंधनाचे संशोधन म्हणणार नाहीत. पण आम्हाला विचाराल तर एका गाईची वैरण तालुक्यात टिकली, तर तिचे शेण टिकते, शेणावर गॅस चालतो, स्लरीवर जमीन चालते. कर्जत तालुक्याचे जैवइंधन धोरण लिहायला बसलो तर पहिल्या ओळीत आम्ही हे ज्वारी काढणीचे यंत्र लिहू. तुमच्यापैकी कोणी इंजिनिअरिंगला असेल, तर घरी जाऊन वडिलांना विचारा की एक एकर ज्वारी काढायला यंदा किती मजूर लागले आणि किती पैसे गेले. तिथून सुरुवात करा.